उन्हाळी : भातखाचरासाठी बिनपाण्याचे हिरवळीचे खत

भाताच्या जमिनीचा कस टिकवावयाचा असेल तर तिला दरवर्षी सेंद्रिय खत मिळाले पाहिजे, हे शेतकऱ्यांस सांगावयास नको. अडचण आहे ती हे खत आणावयाचे कोठून, ही. गोठ्यातील जनावरे कमी झाली तसे शेणखत कमी झाले. राबासाठी तोडावयाचा झाडांचा पाला दुर्मिळ झाला. जो मिळतो तो भाजल्याने त्यातील नत्र धुराबरोबर निघून जाते. उरते ते पोत्यातील खत. त्याने पीक उभे राहते, परंतु जमिनीत पाणी धरून ठेवणारा सेंद्रिय अंश त्यातून मिळत नाही.

वसई तालुक्यात ही अडचण विशेष जाणवते. पूर्वेकडे पारोळ, भाताणे, कामण या पट्ट्यात पावसाळी भाताची खाचरे आहेत, तर पश्चिमेकडे आगाशी, नंदाखाल, निर्मळ, अर्नाळा या बाजूस रेताड जमिनीवरील केळी, भाजीपाला व फुलांच्या वाड्या आहेत. पावसाळ्यात येथे २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तथापि तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच संपतो. भात कापल्यानंतर बहुतेक खाचरे सहा-सात महिने उघडी पडून राहतात. या काळात बांधावर, रस्त्याच्या कडेला, पडीक माळावर बाकीचे गवत वाळून जाते. अशा वेळीही एक लहानसे झुडूप हिरवे राहिलेले दिसते. त्यास मराठीत ‘उन्हाळी’ व संस्कृतात ‘शरपुंखा’ म्हणतात. शास्त्रीय नाव टेफ्रोशिया पर्प्युरिया असे आहे. तण म्हणून उपटून टाकली जाणारी ही वनस्पती ओळखावी कशी, तिचे बी कसे जमवावे व भाताच्या जमिनीस तिचा उपयोग कसा करून घ्यावा, याचा विचार या पाठात केला आहे.

ताग आणि धैंचा का पुरत नाहीत?

हिरवळीचे खत म्हटले की ताग व धैंचा ही दोन नावे प्रथम पुढे येतात. दोन्ही पिके उत्तम आहेत. परंतु पावसाच्या भरवशावर ती घ्यावयाची झाल्यास जूनच्या पहिल्या पावसावर पेरून, सुमारे ४५ ते ५० दिवस वाढवून मग जमिनीत गाडावी लागतात. वसईकडे पाऊस साधारणतः जूनच्या दुसऱ्या आठवड्यात स्थिरावतो आणि जुलैच्या मध्यापर्यंत लावणी उरकावी लागते. म्हणजे हाती येतात ते जेमतेम तीस-पस्तीस दिवस, आणि त्यातील अखेरचे दिवस नांगरणी-चिखलणीतच जातात. ताग गुडघाभर होतो न होतो तोच तो मोडावा लागतो. मे महिन्यात पाणी देऊन ताग आधी पेरावा, तर विहिरीत पाणी नसते. असले तरी ते खतासाठी खर्च करणे परवडत नाही.

किनाऱ्यालगतच्या विहिरींबाबत तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. समुद्रकाठच्या रेताड जमिनीत पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक फूट वर असेल, तर तिच्याखाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते, असा ढोबळ नियम आहे. उलटपक्षी, उपशाने ही पातळी एक फूट खाली गेली की खारे पाणी सुमारे चाळीस फूट वर सरकू पाहते. यास्तव उन्हाळ्यात वाचविलेली प्रत्येक घागर विहीर गोडी राखण्याच्या कामी येते.

सारांश, या भागास असे खतपीक पाहिजे की जे भातकापणीच्या सुमारास जमिनीत रुजेल, पाण्यावाचून उन्हाळा काढील, मोकाट गुरांपासून राखण मागणार नाही, आणि जूनचा पहिला पाऊस पडेल त्या वेळी मूळ धरून उभे असेल. या चारही अटी पुऱ्या करणाऱ्या वनस्पती थोड्या आहेत. उन्हाळी ही त्यांपैकी एक होय.

इतर भातउत्पादकांचा अनुभव

भात निघाल्यावर त्याच शेतात द्विदल खतपीक वाढवावयाचे, ही रीत नवी नाही. चीन व जपानमध्ये मिल्कव्हेच नावाची जांभळ्या फुलांची द्विदल वनस्पती या कामी फार पूर्वीपासून वापरली जाते. तेथील शेतकरी शरद ऋतूत, भात उभे असतानाच तिचे बी शेतात फोकतात. हिवाळाभर ती जमिनीवर पसरते आणि वसंतात फुलावर आली म्हणजे नांगराने गाडली जाते. जपानी लोक तिला ‘रेंगे’ म्हणतात. मिल्कव्हेच ज्या गटातील आहे त्या ॲस्ट्रॅगॅलस गटात जगभर सुमारे ३००० जाती असून भारतातील त्यांपैकी बहुतेक हिमालयाच्या थंड प्रदेशात आढळतात. चिनी मिल्कव्हेचला थंड आणि ओलसर हिवाळा लागतो. कोकणचा हिवाळा उबदार व कोरडा असल्याने तिचे बी मागवून येथे पेरण्यात अर्थ नाही.

मात्र तिची रीत घेण्यासारखी आहे, आणि ती आपल्याकडील हवामानात बसविण्याचे काम दक्षिणेत झालेले आहे. तमिळनाडूत ‘कोळिंजी’ या नावाने ओळखली जाणारी वनस्पती म्हणजेच आपली उन्हाळी. वर्षातून एकच भातपीक घेतल्या जाणाऱ्या हलक्या जमिनींत तेथे ती हिरवळीच्या खतासाठी पेरतात. ती सावकाश वाढते, अवर्षण सोसते आणि गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत, हे तिचे तीन गुण तेथील शेतकऱ्यांस चांगले परिचित आहेत. वसईच्या शेतकऱ्यास तर बी मिळविण्यासाठी दूर जावयास नको. वनस्पती बांधावर उभीच आहे. फक्त ती नेमकी ओळखता आली पाहिजे.

उन्हाळी कशी ओळखावी?

उन्हाळी हे बहुवर्षायू झुडूप असून साधारणतः गुडघ्यापासून मांडीपर्यंत उंच वाढते. खोड बारीक, बुडाशी काष्ठमय व पुष्कळ फांद्यांचे असते. पुढील पाच खुणा क्रमाने तपासाव्यात.

पहिली खूण पानाची. पान संयुक्त असून मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंस पर्णिकांच्या जोड्या आणि टोकास एकटी पर्णिका असते. यामुळे पर्णिकांची संख्या नेहमी विषम येते. ती साधारण ११ ते २१ भरते. पर्णिका लांबट, देठाकडे निमुळती, टोकाकडे किंचित रुंद असते आणि टोकास बारीक केसासारखे अग्र असते.

दुसरी खूण बाणाची, आणि ही सर्वांत खात्रीची. एक पर्णिका घेऊन तिचे टोक व बूड दोन्ही हातांच्या चिमटीत धरावे व हलकेच ओढावे. उन्हाळीची पर्णिका आडवी तुटत नाही. ती शिरांच्या रेषेने तुटते आणि तुटलेल्या जागी बाणाच्या शेपटीसारखा कोन दिसतो. शर म्हणजे बाण व पुंख म्हणजे बाणाच्या शेपटीकडील पिसांचा भाग. संस्कृत नाव याच खुणेवरून पडलेले आहे. ही परीक्षा एका पर्णिकेवर न थांबता चार-पाच पर्णिकांवर करावी.

तिसरी खूण फुलांची. फुले वाटाण्याच्या फुलाच्या घडणीची परंतु बरीच लहान, गुलाबी-जांभळ्या रंगाची असतात. फुलांचा तुरा पानाच्या बगलेतून न निघता बहुधा पानाच्या समोरच्या बाजूने निघतो.

चौथी खूण शेंगांची. शेंग चपटी, अरुंद, सुमारे ३ ते ४ सेंटिमीटर लांब व टोकाकडे किंचित वाकलेली असते. पक्व झाली की तपकिरी होते व तडकून दोन्ही फाके पिळवटतात. एका शेंगेत साधारण पाच ते दहा बिया असतात.

पाचवी खूण मुळांची. पावसाळ्यात एक रोप खुरप्याने सावकाश खणून काढावे. सरळ खोल जाणारे सोटमूळ व बाजूच्या बारीक मुळांवर लहान गाठी दिसतात. गाठ नखाने चिरून पाहावी. आतून ती गुलाबी किंवा तांबूस असेल तर त्यातील जिवाणू हवेतील नत्र बांधण्याचे काम करीत आहेत असे समजावे. गाठ आतून पांढरी, हिरवट किंवा काळपट असेल तर ते काम सुरू झालेले नाही किंवा बंद पडले आहे.

कोणत्या झाडांशी गफलत होते?

टाकळ्याला पर्णिकांच्या तीनच जोड्या असतात, त्या रुंद असतात, व फूल पिवळे असते. तेव्हा नीट पाहिल्यास घोटाळा होण्याचे कारण नाही. धैंच्याच्या पानाच्या टोकास एकटी पर्णिका नसते, फूल पिवळे व शेंग दोरीसारखी लांब असते. खुळखुळ्याच्या शेंगा फुगीर असून वाळल्यावर आत बी वाजते. भुईआवळीची पाने वरवर सारखी वाटतात, पण तिला शेंगा नसतात. पानांच्या ओळीखाली बारीक गोल फळे लागलेली दिसतात.

खरी गफलत होते ती निळीच्या झुडपाशी. तिचे पानही विषम पर्णिकांचे व फूलही गुलाबी असते. मात्र निळीची शेंग उन्हाळीप्रमाणे चपटी नसून गोलसर, काडीसारखी असते, फुले फारच बारीक असून तुरा पानाच्या बगलेत येतो, आणि पर्णिका ओढल्यावर उन्हाळीसारखा स्वच्छ कोन मिळत नाही. शंका राहिल्यास शेंगा येईपर्यंत थांबावे. ओळख पक्की झाल्यावाचून बी गोळा करू नये.

अवर्षणात ती टिकते कशी?

उन्हाळीचे रोप पहिले काही आठवडे जमिनीवर फारसे वाढताना दिसत नाही. याच काळात त्याचे सोटमूळ खाली उतरत असते. भात निघाल्यावर वरचा थर लवकर वाळतो, परंतु खालच्या थरात ओल अधिक काळ टिकते. त्या ओलीपर्यंत मूळ पोचले की रोप तरते. पर्णिका लहान असल्याने बाष्पही मर्यादित उडते. तेव्हा जानेवारीत रोपे खुरटी दिसली म्हणून शेतकऱ्याने निराश होऊ नये. जूनमध्ये पाऊस पडताच याच तयार मुळांच्या जोरावर ती झपाट्याने फुटतात, आणि नुकत्याच पेरलेल्या तागापुढे त्यांची जी आघाडी असते ती या मुळांचीच होय.

बी जमविणे व तयार करणे

पावसाळा सरल्यानंतर शेंगा जसजशा पिकतील तसतशा तोडाव्यात. पूर्ण वाळण्याची वाट पाहिल्यास शेंगा तडकून बी उडून जाते. म्हणून शेंगेचा रंग तपकिरी होऊ लागताच, सकाळच्या दवात, तुरेच्या तुरे कापून कापडावर किंवा गोणपाटावर पसरावेत व वरून पातळ कापड झाकावे. दोन-तीन उन्हे दिली की शेंगा आपोआप फुटतात. बी पाखडून, वाळवून कोरड्या डब्यात ठेवावे.

बी गोळा करताना गावाचे बांध, रस्त्याच्या कडा व स्वतःचे वरकस यांपुरतेच मर्यादित राहावे. तुंगारेश्वर अभयारण्याच्या हद्दीतून बी वा रोपे आणू नयेत. कोणत्याही एका जागेवरील सर्व तुरे कापू नयेत. निदान तिसरा हिस्सा जागीच सोडावा, म्हणजे ती जागा पुढील वर्षीही बी देईल.

पुष्कळ ठिकाणी उन्हाळीची पेरणी फसते ती एकाच कारणाने. बियांचे कवच मेणचट व टणक असल्याने पाणी आत शिरत नाही. बी खराब नसते, परंतु वेळेवर उगवत नाही. यासाठी पेरणीपूर्वी पुढील सोपी परीक्षा करावी. शंभर बिया मोजून रात्रभर पाण्यात ठेवाव्यात. सकाळी फुगलेल्या बिया मोजाव्यात. निम्म्याहून कमी फुगल्या असतील तर बियांवर संस्कार करणे अवश्य आहे.

संस्काराच्या दोन पद्धती आहेत. बी पुष्कळ असेल तर तितक्याच मापाची जाड कोरडी वाळू मिसळून ते गोणपाटाच्या दोन थरांमध्ये हातांनी घासावे, अथवा उखळात अगदी हलक्या हाताने कांडावे. कवचावरची चकाकी गेली म्हणजे पुरे. बी फुटू देऊ नये. बी थोडे असेल तर ते फडक्यात सैल बांधावे, पाणी उकळून भांडे चुलीवरून उतरवावे, आणि त्यात ती पुरचुंडी दोन ते तीन मिनिटे बुडवून लगेच थंड पाण्यात टाकावी. कोणतीही पद्धत प्रथम शंभर बियांवर करून पाहावी व फुगलेल्या बिया पुन्हा मोजाव्यात. आकडा वाढला तरच बाकीच्या बियांवर तीच क्रिया करावी.

उन्हाळी ज्या जमिनीत पूर्वी उगवत नव्हती तेथे चवळी गटाचे रायझोबियम जिवाणूसंवर्धन १० किलो बियांस २५० ग्रॅम या प्रमाणात चोळून, बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. संवर्धन न मिळाल्यास जेथे उन्हाळी जोमाने वाढते तेथील मुळांजवळची पसाभर माती बियांत मिसळावी.

पेरणीच्या दोन रीती

पहिली रीत बांधाची. नवशिक्याने येथूनच आरंभ करावा. जूनमध्ये पाऊस स्थिरावल्यावर बांधाच्या माथ्यावर व उताराच्या वरच्या अंगास सुमारे एक फूट अंतरावर ओळी ओढून बी अर्ध्या ते एक इंच खोल टाकावे. रोपे लहान असताना गवत त्यांना दाबते, म्हणून पहिल्या दोन महिन्यांत दोन वेळा हाताने गवत काढावे. पहिल्या वर्षी कापणी करू नये. मुळे व बी यांची तरतूद होऊ द्यावी. बांधावरील पाला संपूर्ण शेतास पुरेल अशी अपेक्षा मात्र बाळगू नये. शंभर मीटर लांब व अर्धा मीटर रुंद बांधाचे क्षेत्र ५० चौरस मीटर, म्हणजे जेमतेम अर्धा गुंठा होते. बांधाचा मुख्य उपयोग बियांसाठी व केळी, भाजीपाला यांच्या बुडाशी आच्छादन म्हणून करावा. माती धरून ठेवण्याचे काम तर ती करतेच.

दुसरी रीत खाचराची. पाणी निथरलेल्या हलक्या व मध्यम जमिनीत, भात कापणीपूर्वी आठ-दहा दिवस, उभ्या पिकात संस्कार केलेले बी सारखे फोकावे. पायाचा ठसा उमटेल पण पाणी वर येणार नाही, इतकी ओल त्या वेळी असावी. बियांचे प्रमाण एकरी ६ ते ८ किलो, म्हणजे गुंठ्यास १५० ते २०० ग्रॅम पुरते. हळव्या जातीचे भात आधी निघते व खाचरात ओल अधिक राहते, म्हणून प्रथम अशीच खाचरे निवडावीत. कापणीनंतर भाऱ्यांची ने-आण एकाच वाटेने केली म्हणजे रोपे तुडविली जात नाहीत. शेतात पेटविलेला पेंढा व काडीकचरा रोपांचा नाश करतो. तो पेटवू नये.

गाडणी

जूनच्या पावसाने झुडपांना नवी फूट आली की, लावणीच्या सुमारे दोन आठवडे अगोदर ती विळ्याने बुडाजवळ कापावीत. कोवळ्या फांद्या व पाला यांचे हात-दीड हात लांबीचे तुकडे करून शेतात सारखे पसरावेत, आणि नांगरून चिखलात दाबावेत. बुडाकडील जाड काष्ठमय खोडे वेगळी काढून सरपणास किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात न्यावीत. कारण असे की, लाकूडमय भाग कुजविण्यासाठी जमिनीतील जिवाणू जमिनीतलेच नत्र वापरतात व तेवढा काळ भाताची रोपे पिवळी पडतात. कोवळा पाला उबदार चिखलात लवकर कुजतो आणि लावणीच्या रोपाला त्यातील नत्र मिळू लागते. गाडल्यानंतर खाचरातील पाणी बांधाबाहेर वाहू देऊ नये.

किती खत मिळाले?

अंदाजावर न राहता मोजून पाहावे. चार काठ्यांची एक मीटर लांब व एक मीटर रुंद चौकट करावी. शेतात तीन निरनिराळ्या जागी ती टाकून आतील कोवळा पाला कापावा, वजन करावे व सरासरी काढावी. समजा, ही सरासरी एक किलो आली. एका गुंठ्यात सुमारे १०० चौरस मीटर असल्याने गुंठ्यास १०० किलो व एकरास सुमारे ४००० किलो ओला पाला झाला. त्यात तीन भाग पाणी धरल्यास सुका भाग १००० किलो उरतो. द्विदल हिरवळीच्या पाल्याच्या सुक्या भागात साधारण दोन ते तीन टक्के नत्र असते. म्हणजे एकरी २० ते ३० किलो नत्र झाले. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. तेव्हा असे पीक साधल्यास एका गोणीइतके किंवा थोडे अधिक नत्र व त्याबरोबर १००० किलो सुके सेंद्रिय द्रव्य जमिनीस मिळते. पहिल्या वर्षी सरासरी पाव किलोच भरली, तर हिशेबही तितकाच लहान धरावा व युरियाची मात्रा एकदम तोडू नये. गाडलेल्या पाल्यातील सर्व नत्र त्याच हंगामात पिकास मिळत नाही, हेही ध्यानात असावे.

कोठे पेरू नये?

ज्या खाचरात भातानंतर ओलीवर वाल चांगला येतो, तेथे वालच घ्यावा. वाल घरास धान्य देतो, बाजारात पैसे देतो व त्याचा पाला जमिनीसही उपयोगी पडतो. उन्हाळी ही वालाची जागा घेण्यासाठी नसून, जेथे ओल अपुरी असल्याने किंवा मोकाट गुरांमुळे वाल टिकत नाही अशा पडीक खाचरांसाठी आहे. खाडीकाठच्या खारजमिनी, पाणी साचून राहणाऱ्या सखल जागा व उन्हाळ्यात मोठ्या भेगा पडणाऱ्या भारी चिकण जमिनी यांत तिच्यासाठी बी खर्च करू नये. भाजीपाल्याच्या वाफ्यात तिच्या शेंगा पडू देऊ नयेत. टणक बी पुढे दोन-तीन वर्षे उगवत राहते व तेथे ती तण ठरते. भातखाचरात ही भीती थोडी, कारण चिखलणी व साचलेले पाणी तिच्या लहान रोपांस मानवत नाही.

आणखी दोन सूचना. या गटातील वनस्पतींचा रस मासे गुंगविण्यासाठी वापरला जात असे. यास्तव पाला किंवा मुळे तळ्यात, कोळंबीच्या खाचरात अथवा गुरांच्या पाणवठ्यावर धुऊ नयेत. तसेच गुरे तिला खात नाहीत हा तिचा गुण असल्यामुळे चारा म्हणून ती त्यांस घालू नये. शरपुंखा आयुर्वेदात औषध म्हणून प्रसिद्ध आहे, परंतु वैद्याच्या सल्ल्यावाचून ती पोटात घेऊ नये.

गावातील प्रात्यक्षिक

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पहिल्याच वर्षी एकराची भाषा करू नये. एका शेतकऱ्याचे एक खाचर निवडून त्यातील एक गुंठा उन्हाळीस द्यावा व लगतचा एक गुंठा नेहमीप्रमाणे ठेवावा. दोन्हींस भाताची एकच जात, एकच लावणीचा दिवस व एकच खताची मात्रा असावी, म्हणजे दिसणारा फरक उन्हाळीचाच आहे असे म्हणता येईल. सप्टेंबरमध्ये शेतकऱ्यांस बांधावर नेऊन पर्णिका तोडण्याची परीक्षा प्रत्येकाच्या हातून करवावी. ऑक्टोबरमध्ये, आदल्या हंगामात जमविलेल्या बियांवर संस्कार करून पेरणी करावी. डिसेंबर, मार्च व मे या तीन महिन्यांत एका ठराविक चौकटीतील जिवंत रोपे मोजून वहीत नोंदवावीत. जूनअखेर पाल्याचे वजन करावे व भात कापणीच्या वेळी दोन्ही गुंठ्यांचे धान्य व पेंढा वेगवेगळा मोजावा. असे लागोपाठ दोन हंगाम केल्यावर आकडे गावासमोर ठेवावेत. मे महिन्यात रोपे शिल्लकच नसतील तर तेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे. त्या जमिनीस उन्हाळी मानवत नाही एवढा निष्कर्षही पुढील शेतकऱ्याचे श्रम वाचवितो.

वसई तालुक्यातील शेतजमीन वस्तीखाली जात आहे, हे सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. जी खाचरे उरली आहेत त्यांतील पुष्कळशी खर्च सुटत नाही म्हणून पडीक राहू लागली आहेत. अशा शेतकऱ्यास खर्चाचा व पाण्याचा सल्ला देऊन उपयोग होत नाही. त्याच्याच बांधावर उगवणारे, त्यानेच जमविलेले आणि विहिरीचे पाणी न मागणारे खत त्याला परवडण्यासारखे आहे. म्हणून यंदा बांध साफ करताना उन्हाळी उपटण्यापूर्वी तिची एक पर्णिका ओढून पाहावी. बाणाचा कोन दिसला, तर ते झुडूप बियांसाठी राखून ठेवावे.